पिल्लाची उचकी

पिल्लाला घरी आणून तीनच दिवस झाले होते. घाईघाईने दूध प्यायलं आणि त्याला उचकी लागली. दर उचकीला त्याचं एवढंसं अंग दचकत होतं. मी त्याला मांडीवर घेऊन छाती चोळत बसले.

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आतून म्हणाल्या, "कुणीतरी आठवण काढतंय त्याची. नावं घेऊन बघ, बरोबर नाव आलं की थांबते."

आठवण काढणारी एकच असणार, समोरच्या बांधकामावरची कुत्री, त्याची आई. तिला नावच नव्हतं. पिल्लू बाल्कनीच्या जाळीकडे बघत उचक्या देत राहिलं.

थोड्या वेळाने उचकी आपोआप थांबली. मला मात्र हायसं वाटलं नाही. सासूबाईंना एकटं सोडून मला बाहेर पडता येत नाही, त्याला चार वर्षं झाली. सुरुवातीला मलाही सारखी उचकी लागायची.