लेकीच्या केसांचा घोर

कुरुंद्याच्या सुभद्राबाई म्हणजे भिणारी बाई नव्हे. हळद शिजवायला घेतली की सगळ्या बाया त्यांच्या एका हाकेवर हलत. पण लेक सुकन्या अणूवर संशोधन करायला पुण्याला गेली आणि बाईंच्या जिवाला घोर लागला. एका लग्नात कुणीतरी सांगितलं होतं, त्या कामात केस जातात, पुढं लेकरं होत न्हाईत. झालं! तेव्हापासून औंढ्याच्या नागनाथाला साकडं आणि दर सोमवारी निर्जळी उपास. लेकीला विचारायची मात्र छाती होईना. खरंच निघालं तर?

यंदा सुकन्या हळदीच्या दिवसांत घरी आली. सोमवारी न्हाणं झाल्यावर आई तिची वेणी घालायला बसली, तर फणीत केसांचा हा एवढा पुंजका! सुभद्राबाईंनी फणी खाली ठेवली.

"खरं सांग माय, ते किरणं सोडणारे अणू तू हातात धरतीस का?"

सुकन्याला हसू फुटलं. पण आईचे डोळे भरलेले दिसले तशी ती उठून लॅपटॉप घेऊन आली. त्यात नुसते आकडे.

"आई, मी गणितं करते फक्त. काही अणूंचा गाभा टिकत न्हाई. त्यातला एक कण बदलतो, बारीक कण बाहेर फेकतो, अन् अणू दुसराच होऊन बसतो. त्याला किती वेळ लागंल, ते मी काढते. माझे अणू तर तारे एकमेकांवर आदळतात तिकडं बनतात. धरावं म्हणलं तरी सापडायचे न्हाईत."

"मग काहून करायची ती गणितं?"

"कढईखालचा जाळ ओढला तरी निखारे धगधगतातच ना? अणुभट्टी बंद केली तरी तसंच. किती ताप राहील, ते आधी कळाय पाहिजे. अन् तुझ्या गळ्यातलं सोनं? तेबी असंच बदलत बदलत बनलं."

सुभद्राबाईंचा हात झटकन मण्यांवर गेला. "आता गं बया! मग हे उतरवून ठिवू का?"

"न्हाई गं. ते कवाच शांत झालंय."

"अन् हे केस?"

"होस्टेलचं बोअरचं पाणी. सगळ्याच पोरींचे गळून राहिलेत."

बोअरचं पाणी! सुभद्राबाईंना हसावं की रडावं कळेना. जीव कसा भांड्यात पडला. "अन् मी येडी तवापासून सोमवारी पाण्याचा थेंब न्हाई घेतला!"

सुकन्याला हे ठाऊकच नव्हतं. ती उठली, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि आईपुढं धरलं.

"नागनाथ रागवंल गं," म्हणत म्हणत सुभद्राबाईंनी तांब्या घटाघटा रिकामा केला.