चार पावलं मागे

पाटी रंगवून झाली की काका चार पावलं मागे जायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "इथून वाचता आलं तर पाटी. नाही तर नुसता रंग." कसबा पेठेतल्या कितीतरी दुकानांवर त्यांचं अक्षर होतं, तुम्हीही कधीतरी त्याखालून गेला असाल. ते आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. मी वेबसाइट बनवतो हे कळल्यापासून मला "इंजिनियर" म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकू अंथरुणाला खिळल्या तेव्हा पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काकांनी फोनवर हवेची गादी शोधली होती. काकू गेल्या. महिन्याभराने ते जिना चढून आले आणि फोन माझ्यापुढे धरला. बातमीच्या मधोमध हवेच्या गादीची जाहिरात.

"अहो इंजिनियर, ही गेली हे याला कोणी सांगायचं?"

मी समजावलं, साइट उघडताना कुकीजची पट्टी येते. तिथे 'स्वीकारा' दाबलं की आपण काय पाहिलं याची नोंद राहते, आणि तशाच जाहिराती मागे लागतात.

"मग नाही कुठे म्हणायचं?"

गादीवाल्यांची साइट उघडली आणि मी वरमलो. ठसठशीत निळ्या बटणावर 'सर्व स्वीकारा'. खाली फिकट करड्या, बारीक अक्षरात 'प्राधान्ये व्यवस्थापित करा', नको म्हणायची वाट त्याच्या आत. ती पट्टी मीच केली होती.

त्यांनी फोन टेबलावर उभा केला, चार पावलं मागे गेले, डोळा मिटला. "असा रंग चुकून नाही लागत. लपवायचं असेल तरच देतात."

"काका, हे माझंच काम आहे."

"मग बदला," एवढंच म्हणून ते जिना उतरले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ऑफिसात साहेब म्हणाले, "स्पष्ट लिहिलं तर लोक नको म्हणतील."

काकांना हे सांगितलं. "म्हणू देत की! मग विचारता कशाला?" त्यांनी पुठ्ठा घेतला, ब्रश काढला. 'तुम्ही काय पाहता ते लक्षात ठेवून जाहिराती दाखवू का?' खाली एकाच मापाची दोन बटणं, 'हो' आणि 'नको'. तो पुठ्ठा घेऊन मी कित्येक महिने साहेबांशी भांडत राहिलो.

त्यातच काका आजारी पडले. त्यांच्यासाठी हवेची गादी मी शोधली. दवाखान्याच्या जिन्यात उभ्याउभ्या, घाईघाईत, ते निळं बटण मीही दाबलं.

"लागली का पाटी?" ते रोज विचारायचे.

"पुढच्या आठवड्यात, काका."

शेवटी साहेब तयार झाले, पण पट्टी लागली तेव्हा काका नव्हते. मी फोन टेबलावर उभा केला, चार पावलं मागे गेलो, एक डोळा मिटला. 'नको' स्वच्छ वाचता आलं.

माझ्या फोनवर हवेच्या गादीची जाहिरात अजून येते. ती कशी थांबवायची ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण जाहिरात आली की काका आठवतात, आणि माझा अंगठा काही केल्या 'नको'कडे जात नाही.