पार्शातला लांबलेला तेर्स

सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी करत पेडण्याला उतरलो तेव्हा दुपार कलली होती आणि ऑक्टोबरच्या उकाड्याने सदरा पाठीला चिकटला होता. डिचोलीच्या कारखान्यातला माझा जुना सहकारी पास्कोल स्कूटर घेऊन उभा होता. वर्षानुवर्षं "ये रे एकदा" म्हणून पिच्छा पुरवणारा हा गडी आज मात्र स्कूटर रेंगाळत चालवत होता.

त्याच्या गावाच्या, पार्शाच्या वाटेवर पिकलेली भातशेतं लागली, मग काजूचे डोंगर. तिथे त्याने मनातलं सांगितलं. आज त्याच्या घरी सायबीण (घरोघर फिरणारी मरियामातेची मूर्ती) येणार होती. ती जाईल तिथे अख्खा वाडा (वस्ती) जमून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतो. चाळीस वर्षं हा तेर्स पास्कोलच्या आईने सांगितला. आता तिला विसर पडू लागला होता.

"आज अडखळली तर फाल्यांसून (उद्यापासून) शेजारची लीरा सांगतली. वाड्यान थारायलां (ठरवलंय)," तो म्हणाला. "मायक कशें सांगूं, कळना."

घरी पोचताच मावशींनी, म्हणजे पास्कोलच्या आईने, मात्र चहाबरोबर उंडे (गोल पाव) पुढे केले आणि माझं पोट भरलेलं नाही हे मला न विचारताच ठरवून टाकलं.

तिन्हीसांजेला मूर्ती आली. मेणबत्त्या लागल्या, घर माणसांनी भरलं. मावशींनी मला शेजारी बसवून हातात एक जपमाळ दिली.

"रिते हात बरे न्हंय. तोंडान म्हण, मनान पळय (बघ)."

सांगणाऱ्याने अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. त्याला जाप (उत्तर) देणं म्हणतात. दहा मणी झाले की एक मोठा मणी, आणि मग पुढचा मिस्तेर, म्हणजे मरिया-येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग. पहिला देवदूताच्या निरोपाचा. दुसऱ्यात मरिया डोंगर चढून नात्यातल्या बाईला भेटायला जाते. तेच ते शब्द फिरत राहिले आणि मला तिचे धुळीने भरलेले पाय दिसू लागले. तिसऱ्यात गोठ्यात बाळ जन्मलं. आपण परक्या घरी, परक्या प्रार्थनेत आहोत हे मी विसरून गेलो.

तेवढ्यात मावशींच्या हातून माळ निसटून मांडीवर पडली. उचलली, पण बोटाखालचा मणी गेला तो गेलाच. सगळे थांबले. पास्कोलने मान खाली घातली. मावशी हळूच माझ्या बोटांकडे बघू लागल्या.

आणि माझी बोटं होती पहिल्याच दहा मण्यांच्या टोकाला! मेरूमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, ही आमची जपाची सवय. मोठा मणी आला की मी मागे वळत होतो आणि त्याच दहा मण्यांवर येरझाऱ्या घालत होतो. तेर्सात पुढे जायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"दुसरो मिस्तेर," मावशी म्हणाल्या आणि नमान मारियेची पहिली अर्धी प्रार्थना म्हणू लागल्या.

चूक सांगायला मी तोंड उघडणार, तोच लीराचा खणखणीत आवाज आला, "भागेवंती मारिये, देवाचे माये..." तिच्या मागोमाग सगळ्यांनी जाप दिली. मरिया पुन्हा डोंगर चढली. बाळ पुन्हा जन्मलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही. पाचाच्या जागी सात मिस्तेर झाले.

नंतर उकडलेले चणे वाटताना मी मावशींपुढे चूक कबूल केली. त्या खुदकन हसल्या.

"बाळ परत जल्मलें तेन्नाच म्हाका कळ्ळें रे. पूण सगळ्यांनी जाप दिली. कोणूच कुसकुसलो (कुजबुजला) ना." त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी लीराला जवळ बोलावलं. "फाल्यां तूं सांग गो. हांव जाप दितां."

"पूण तूं म्हज्या लागीं बस," लीरा म्हणाली आणि त्यांचा हात धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवून निघालो. तेर्स सांगणाऱ्याचा, असं काल स्कूटरवर ऐकताना मला वाटलं होतं. तो तोलून धरतात जाप देणारे, हे बसमध्ये बसल्यावर नीट उमगलं.

संध्याकाळी घरी चहा घेताना बाबांनी वाळपईच्या नोकरीतल्या पहिल्या दिवसाची गोष्ट काढली. ती मला पाठ आहे. "बाबा, हे सांगून झालंय," म्हणून मी त्यांना कितीदा गप्प केलं असेल, ते आठवून लाज वाटली. दोन वाक्यांनंतर ते आपणच थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले.

"मग?" मी म्हणालो. "मग काय झालं, बाबा?"