सातव्या प्रश्नाचं उत्तर

सिस्टर मुलखाची संशयी. औषधाच्या बाटलीवरची तारीख तीनदा वाचणार. नवरा घरी लवकर आला तर आधी विचारणार, "काय लपवताय?" अशी बाई जन्मात एकदाच कुणाच्या शब्दावर विसंबली, आणि तिथेच फसली बघा!

प्रसूतीच्या खोलीत तिची बावीस वर्षं गेलेली. मागच्या महिन्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्याच्या सुरुवातीलाच लेखी परीक्षा. शिकवायला आलेला गोडबोल्या माणूस तिच्या कानाशी लागला. "सिस्टर, सगळं बरोबर लिहू नका हं. आधी कमी मार्क, शेवटच्या परीक्षेत जास्त, तरच आमचा कार्यक्रम चालू राहील." तिने चार उत्तरं मुद्दाम चुकवली. 'बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय कराल?' हा सातवा प्रश्न. तिने लिहिलं, 'डॉक्टरांची वाट पाहीन.' आणि स्वतःशीच हसलीसुद्धा.

आज त्या प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, ते तपासायला एक बाई आल्या. त्यांनी फाइलीतून तो पेपर काढला, तशी सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली.

"महिन्यापूर्वी तुम्हाला एवढंही ठाऊक नव्हतं?" म्हणत बाईंनी सातवं उत्तर मोठ्याने वाचलं.

आया नेमकी चहा घेऊन आत आलेली. गेल्या वर्षी याच खोलीत तिच्या लेकीचं बाळ रडलं नव्हतं. सिस्टर वीस मिनिटं झटली होती, तरी ते वाचलं नाही; आया तेव्हा दाराबाहेर. "मावशी, माझ्या हातून होईल ते सगळं केलं हो," एवढंच सिस्टरने तिला सांगितलं होतं, आणि आयाने ते खरं मानलं होतं.

"अहो मावशी, ते मी मुद्दाम चुकवलं होतं!" सिस्टर ओरडलीच. "त्याने सांगितलं म्हणून!" हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

घाबरून तिने सरावाची बाहुली ओढली. अंग पुसलं, पाठ चोळली, तोंडावर मास्क धरून हवा दिली. मिनिटाच्या आत सगळं झालं, हात कुठेही अडखळला नाही. बाईंनी खूश होऊन लिहिलं, 'प्रशिक्षणाचा परिणाम उत्तम.'

"छान केलंत, सिस्टर," आया म्हणाली. "पण हे शिकलात कधी?"

"बावीस वर्षांपूर्वी, मावशी. शप्पथ!"

आया टेबलावरच्या पेपरकडे बघत राहिली. तिचे रजेचे अर्ज सिस्टरच लिहून द्यायची. ते अक्षर तिला ओळखू येत होतं.