तेलाच्या जाहिरातीतली आई

गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत आई मला पहिल्यांदा दिसली ती शेजारणीच्या मोबाइलवर. मालवणच्या बाजारात कुणा पर्यटकाने काढलेला व्हिडिओ होता. डोक्यावर माशांची टोपली घेऊन आई हसत चालली होती आणि एक परका आवाज सांगत होता, या आजी अंथरुणाला खिळल्या होत्या, आता बघा.

आई कधीच अंथरुणाला खिळली नव्हती. गुडघे मात्र दुखायचे, आजही दुखतात.

मग बायका विचारायला येऊ लागल्या. काहींनी तिच्याकडे बघून तेल मागवलंही होतं. आई एकेकीला समजावून थकली. कंपनीने हिला काहीतरी दिलं असणार, असं कुणी मागे बोललं आणि तिचं धंद्यात लक्ष लागेना. मीही सारखी मोबाइल उघडून बघायचे, जाहिरात गेली का. ती असायचीच.

जामसंड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेला त्या तेलाचा गुण आला नाही. तिने ग्राहक आयोगात तक्रार केली आणि आम्हाला शोधत आली. आईने शपथपत्र दिलं. कंपनीच्या वकिलाने उलटतपासणी मागितली, म्हणून आम्ही ओरोसला आयोगासमोर गेलो. एसटीत आई पुटपुटत शुद्ध मराठीत उत्तरं घोळवत होती.

वकिलाने शांतपणे विचारलं, व्हिडिओत तर तुम्ही हसत चालताय, त्रास कुठे दिसतो? आईची शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली.

"गिऱ्हायक समोर असल्यार हसाचा लागता," ती म्हणाली. "दुखला तरी चलाचा लागता. ह्या तेल मी कधी हातात धरूक नाय."

पुढे कित्येक महिने आम्ही वाट बघत राहिलो. निकाल शिक्षिकेच्या बाजूने लागला, जाहिरात थांबवायचा आदेश झाला. मी तो आईला वाचून दाखवला.

"म्हंजे लोकांच्या मोबायलातसून मी गेलंय?" तिने विचारलं.

जाशील हळूहळू, असं मी म्हटलं. पण एकमेकांना पाठवलेले ते व्हिडिओ कोण पुसणार, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

परवाच बाजारात एक अनोळखी बाई तिच्याकडे निरखून बघत उभी राहिली. तिने तोंड उघडायच्या आतच आई म्हणाली, "तेलाचा माका इचारू नको, बाय. बांगडे व्हये तर सांग."