अर्धी वाटी डाळ आणि ताकदीचा डबा

"क्रिएटिनिन फार वाढलंय," डॉक्टर म्हणाले. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. तो मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा असतो. माझ्या नवऱ्याची मूत्रपिंडं ते काम सोडत चालली होती. "प्रोटीन कमी करा," एवढं सांगून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

प्रोटीन म्हणजे डाळ, अंडी, मटण, एवढंच मला ठाऊक. मी डाळ अर्ध्या वाटीवर आणली. शेंगाचटणीसुद्धा बंद केली. सोलापूरच्या माणसाला ती बंद म्हणजे काय, ते ह्यांनाच विचारा.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. पूर्वी बिस्किटं यायची, आता डबे येतात. वळसंगहून माझा धाकटा भाऊ शंकर अमिनो ॲसिडची पावडर घेऊन आला. प्रोटीन ज्या घटकांनी बनतं, त्यांचीच ही.

"दाजी, लई वाळलाय की तुमी. हे घ्या, ताकद येती."

त्याचा मान राखायचा म्हणून मीच दुधात दोन चमचे कालवले. मग रोजच. औषधाच्या दुकानातलं, म्हणजे औषधच! विकणाऱ्याने आजार कोणता म्हणून विचारलंही नव्हतं. डब्यावर मात्र दंड फुगवलेला पैलवान.

तीन आठवड्यांत उलट्या आणि ग्लानी. युरिया, म्हणजे प्रोटीन वापरल्यावर उरणारा कचरा, भरमसाट वाढला होता. डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त धुणं, लगेच सुरू झालं.

"आज ना उद्या ते लागलंच असतं," डॉक्टर म्हणाले, "पण कदाचित इतक्या लवकर नाही."

ते 'कदाचित' मला अजून गिळता आलेलं नाही.

महिन्याने त्यांनीच चिठ्ठीवर अमिनो ॲसिड लिहिलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"डायलिसिसमध्ये कचऱ्याबरोबर हेही वाहून जातं," ते म्हणाले. "आता ते भरून काढायला हवं, मोजून. तेव्हा मूत्रपिंडांना तो भार झेपणारा नव्हता."

"मग तेव्हा हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" मी ओरडले. बाहेर बाकांवर बसलेले सगळे वळून बघायला लागले.

"चुकलं माझं," डॉक्टर म्हणाले.

तुमच्या घरी असा डबा आला, तर आधी तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. उत्तर नीट कळेपर्यंत खुर्ची सोडू नका.

शंकरला मी फोनवर सगळं सांगितलं होतं, राग न लपवता. परवा तो आला आणि मान खाली घालून दारातच उभा राहिला.

"आत ये की," हे म्हणाले. "चहा घेऊ. मला अर्धाच कप हाय, आता पानीबी मोजूनच."

शंकर त्यांच्या पायाशी बसून रडला. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने आलेलं माणूस मला पहिल्यांदाच इतकं आपलं वाटलं.