सायलीसाठी आज मी गप्प बसले

तारनाक्याजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर मी आठवड्यातून दोनदा मदतीला जाते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. नवी आलेली सायली लातूरच्या मराठी शाळेतली. शुक्रवारी मोठ्या बाई तिला इंग्रजीत प्रश्न विचारणार आहेत. जमलं नाही, तर तिला चौथीत बसवतील.

म्हणून मी शेजारी बसून प्रत्येक वाक्य तिला मराठीत सांगत होते. आज तिच्या बाकावरची आयेशा वैतागली. "टीचर, आप सब मराठी में बता देरे, तो ये सुनरीच नै!"

सायली ओशाळून हसली. म्हणजे ते खरंच होतं, इंग्रजी ती ऐकतच नव्हती.

पुढचा तास विज्ञानाच्या प्रयोगाचा होता. मी ठरवलं, इंग्रजी सूचना आयेशाने वाचायच्या आणि कृती सायलीने करायची. पाण्यात दोन चमचे मीठ घालून ढवळा, असं आयेशाने वाचलं. सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. फार जड गेलं. आयेशाने पुन्हा, सावकाश वाचलं. मग ग्लासात चमचा वाजला.

पुढच्या सूचनेप्रमाणे तिने पाण्यात अंडं सोडलं, ते तळाशीच राहिलं. सायलीने कुणी न सांगता आणखी मीठ टाकलं, तसं ते तरंगत वर आलं. "मोअर सॉल्ट! एग अप!" ती ओरडली. आयेशाने वहीत अगदी तेच लिहून घेतलं.

तुमच्यात शिकवणारे बरेच आहेत, म्हणून विचारते. शुक्रवारी सायली पुन्हा माझ्याकडेच बघेल. तेव्हा मी वर्गात थांबू, की बाहेर जाऊ?